हिरोशिगेच्या प्रवासचित्रांतील रचना आणि यथादर्शन

जपानी ठसाचित्रकारांस यथादर्शनाचे ज्ञान नव्हते व त्यांची गोडी केवळ सपाट रंगक्षेत्रांत आहे, हे मत कलाविषयक लेखनात वारंवार आढळते. ते ग्राह्य नाही. पाश्चात्त्य धर्तीचे रेखीय यथादर्शन योजणारी ‘उकि-ए’ चित्रे ओकुमुरा मासानोबु याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच काढली होती. उतागावा परंपरेचा प्रवर्तक तोयोहारु याचीही ख्याती त्याच प्रकारावर उभी आहे. त्या परंपरेतील हिरोशिगे (१७९७–१८५८) याच्या बाबतीत प्रश्न ज्ञानाचा नसून निवडीचा आहे.

एदो ते क्योतो या तोकाइदो मार्गावरील त्याची होएइदो-प्रकाशित चित्रमाला सुमारे १८३३–३४ ची. ५३ मुक्काम व दोन टोके मिळून तीत ५५ चित्रे आहेत. मालेच्या नावातील ‘त्सुगि’ हा शब्द ‘मागोमाग येणे, पुढे चालवणे’ या अर्थाच्या धातूपासून साधलेला आहे. मुक्कामावर घोडे व हमाल बदलत आणि ओझे पुढे जाई. रचनेचे मर्म या शब्दात सापडते. एकच लोपबिंदू मानल्यास वाट त्या बिंदूपाशी संपते. हिरोशिगे मात्र ती बहुधा चौकटीच्या कडेने बाहेर जाऊ देतो.

‘शोनो’ या चित्रात डोलीचे भोई डावीकडे चढ चढत आहेत, तर दोघे वाटसरू उजवीकडे उतार धावत आहेत. दृष्टी एका बिंदूवर न स्थिरावता दोहोंकडे ओढली जाते. मागील वेळूची बने बहिर्रेषेविना, करड्या छटांत छापलेली आहेत. म्हणजे खोली येथे रेषेने नव्हे, छटेने साधली आहे.

‘कान्बारा’ या हिमरात्रीच्या चित्रात हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. आरंभीच्या प्रतींत काळोख आकाशाच्या वरच्या कडेस दाट आहे. नंतरच्या प्रतींत तो क्षितिजालगत उतरतो. रेषा त्याच असूनही पहिल्या प्रतीत आकाश गावावर दडपते, तर दुसरीत शुभ्र छपरे पुढे सरकतात. हा फरक ठशावर हाताने रंग विरळ करीत नेणाऱ्या मुद्रकाच्या कामाचा आहे.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. हिरोशिगेचे यथादर्शन अपुरे नसून प्रवासाच्या विषयास अनुरूप असे निवडलेले आहे. आणि त्याचे कर्तृत्व एकट्या चित्रकाराचे नाही. म्हणून कोणत्या प्रतीवरून विवेचन केले, हे न सांगणारी समीक्षा अर्ध्याच चित्राविषयी बोलत असते.