मोजून मारलेली उडी

'टूम रेडर' या व्हिडिओ गेमचे पहिले तीन भाग फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या रूपात निन्टेन्डो स्विचवर आले. त्यात एक बटण आहे. ते दाबलं की नवं चित्र जाऊन जुनं येतं, पुन्हा दाबलं की नवं. पेरूमधल्या गुहेत नव्या रूपातल्या खडकांना पोत आहे, उजेडाला दिशा आहे. जुन्या रूपात तोच खडक म्हणजे शेजारी शेजारी चिकटवलेले धूसर चौकोन. पण खेळाची नायिका लारा क्रॉफ्ट उडीच्या मध्यावर असताना बटण दाबलं, तरी ती तिथेच, त्याच उंचीवर असते. नवी आवृत्ती करणाऱ्या अ‍ॅस्पायर कंपनीने वरचा साज बदलला. हाडं मात्र इंग्लंडमधल्या डर्बीच्या कोअर डिझाइनने १९९६ साली घडवली तीच आहेत.

या खेळाचं खरं सौंदर्य त्या हाडांतच आहे. अंगणात ठिक्करीसाठी घरं आखावीत तसं हे सगळं जग समान चौकटींत आखलेलं आहे. कड्याच्या टोकाशी लारा चालत जाते आणि थांबते. चालण्याचं बटण धरलेलं असेल तर ती पडत नाही. तिथून मागे एक उडी घ्यायची, मग पुढे धावत सुटायचं आणि उडीचं बटण दाबून ठेवायचं. कड आली की ती झेपावते. समोरची कड हाताला लागेल की नाही, हे उडी मारण्याआधीच ठरलेलं असतं. दरी नजरेनं मोजायची आणि त्या मापावर विश्वास ठेवायचा. चुकलो तर का चुकलो हे लगेच कळतं, म्हणून चिडचिड होत नाही.

याचा कळस म्हणजे पहिल्या भागातली 'सेंट फ्रान्सिस फॉली' ही ग्रीसमधली लेव्हल. विहिरीसारखी खोल, उभी वास्तू. कड्याकड्यांवरून उतरत जाताना चार दारं लागतात: थॉर, अ‍ॅटलस, नेपच्यून आणि डॅमोक्लिस. दारावरच्या नावातच आतलं संकट सांगितलेलं आहे. थॉरकडे वीज, अ‍ॅटलसकडे गडगडत येणारा प्रचंड गोळा, नेपच्यूनकडे खोल पाणी आणि डॅमोक्लिसकडे डोक्यावर टांगलेल्या तलवारी. पुराणकथा ठाऊक असलेला खेळाडू दारातच सावध होतो. इतकी नेटकी रचना मी फार थोड्या खेळांत पाहिली आहे. नेथन मॅक्री यांचं संगीतही मोजक्या जागीच येतं. एरवी पावलांचा आवाज तेवढा सोबतीला.

नव्या प्रकाशयोजनेत काही कोपरे फार काळवंडले आहेत. हातातल्या छोट्या पडद्यावर ते जास्त जाणवतं आणि किल्ली शोधायला जुनं रूप आणावं लागतं. तिसऱ्या भागाची सुरुवात भारतात होते: जंगल, देवळाचे अवशेष, गंगा, कालियाच्या गुहा. जागा देखण्या आहेत. पण सहा हातांत तलवारी घेऊन अंगावर येणाऱ्या मूर्तींना शिवाचं नाव दिलेलं पाहून आपल्याकडच्या माणसाला खटकतंच. जुन्या काळातल्या अशा पूर्वग्रहदूषित चित्रणाबद्दल या आवृत्तीत आधीच सूचना दिली आहे आणि मूळ मजकूर तसाच ठेवला आहे. ते मला योग्य वाटतं.

तिन्हींत पहिला भाग निर्विवाद सरस. नव्या पद्धतीचे कंट्रोलही दिलेले आहेत, पण त्यांत चौकटींचं माप हरवतं. जुनेच कंट्रोल निवडा आणि पेरूच्या गुहेत घाई न करता हात बसू द्या.