औषध म्हणावं की शृंगार?

१९८४ साली दूरदर्शनवर ‘ये जो है ज़िंदगी’ लागायचं तेव्हा मी शाळेत होते. आमच्या बऱ्हाणपुरात तेव्हा गल्लीत एखाद्याच घरी टीव्ही. मालिकेची प्रायोजक विको कंपनी. त्यामुळे विको टर्मरिकची जाहिरात आम्हा मुलींना मालिकेपेक्षा जास्त पाठ. लग्नघर, हळद, नवरी, आणि हे प्रसाधन नव्हेच, ही आयुर्वेदिक क्रीम आहे असं ठासून सांगणारी ती चाल. भांडी घासताना ती अजून तोंडात येते.

आज त्या जाहिरातीबद्दल लिहायचं आहे ते तिची थट्टा करायला नव्हे. जाहिरात म्हणून ती उत्तमच होती. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली मुंबईत सुरू केलेला हा मराठी माणसाचा उद्योग. हळद आणि चंदनतेल या घरातल्याच वस्तू त्यांनी ट्यूबमध्ये घातल्या. आमच्यासारख्या घरांत पावडर-लाली लावणारी मुलगी म्हणजे ‘नखरेल’. तिथे ‘प्रसाधन नव्हे’ या दोन शब्दांनी दार उघडलं. माझ्या आईने आयुष्यात लिपस्टिक विकत घेतली नाही, पण ही ट्यूब आणली. का? तर ते औषध होतं.

औषध की प्रसाधन, हा प्रश्न पुढे कोर्टातही गेला. प्रसाधन म्हटलं की अबकारी कर जास्त, आयुर्वेदिक औषध म्हटलं की कमी. सरकार म्हणे हे सौंदर्यप्रसाधन, कंपनी म्हणे औषध. वाद वर्षानुवर्षं चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००४ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. करापुरता प्रश्न मिटला. पण अशा खटल्यांत एक कसोटी असते म्हणे : रोजच्या व्यवहारात सामान्य माणूस त्या वस्तूला काय समजतो? हे वाचून मला हसू आलं. सामान्य माणूस म्हणजे आम्हीच की! आम्ही काय समजत होतो ते सांगते.

आम्ही समजत होतो की चेहऱ्यावर ‘इलाज’ करणं चांगलं आणि ‘झाकणं’ वाईट. इलाज करणारी मुलगी शहाणी, झाकणारी लबाड. जाहिरातीने ही समजूत जन्माला घातली नाही, ती आधीपासून होतीच. जाहिरातीने तिला चाल लावली. माझा आक्षेप आहे तो या समजुतीला.

माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ मध्ये सापडला; त्याआधीच्या पिढीत असे चेहरे घरोघरी. त्यांना कोणी ‘इलाज कर’ म्हणत नसे, कारण इलाजच नव्हता. लग्न जुळवताना त्यांना कमी बोललं गेलं असेल असं नाही. पण एकदा जुळलं की तो चेहरा म्हणजे आजीचा चेहरा, विषय संपला. मुरमांच्या वणांचं तसं नाही. बाजारात ट्यूब आहे म्हटल्यावर वण राहिले तर दोष मुलीचा. नेमाने लावलं नसेल, तळलेलं खाल्लं असेल, नखं लावली असतील.

खरी गोष्ट अशी की मुरूम वेगळा आणि वण वेगळा. जाहिरात बोलत होती मुरमांबद्दल, आम्ही ऐकत होतो वणांबद्दल. वणही दोन तऱ्हेचे. मुरूम बसल्यावर मागे राहतो तो सपाट काळपट डाग. तो बहुधा काही महिन्यांत फिका होतो. ऊन लागलं की रेंगाळतो, म्हणून सनस्क्रीन लावायचं. दुसरा म्हणजे खड्डा. तिथे त्वचेच्या आतला आधारच झिजलेला असतो. वरून लावलेली कोणतीही क्रीम, उटणं किंवा बेसन-दही तो भरून काढत नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडे सुयांचे, लेसरचे उपाय आहेत. त्यांनी खड्डे उथळ होतात, पण त्वचा पूर्वीसारखी कोरी होईल असं कोणताच प्रामाणिक डॉक्टर सांगत नाही.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. माझ्या लेकीला कॉलेजात असताना मुरूम आले, गालांवर खड्डे राहिले. परिचय संमेलनाच्या पुस्तिकेत फोटो द्यायचा होता. शेजारच्या वहिनींनी एका ट्यूबचं नाव सांगितलं. मी औषधाच्या दुकानातून आणली. चिठ्ठी कोणी मागितली नाही. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की मी देवासमोर हात जोडले. मग ट्यूब संपली आणि चार दिवसांत गाल लालभडक, आग आग. पुन्हा लावली, बरं वाटलं. पुन्हा थांबवली, आधीपेक्षा वाईट. इंदूरच्या डॉक्टरबाईंनी ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं मला वाचायला लावली. त्यात स्टिरॉइड होतं. चेहऱ्यावर ते सतत लावलं तर त्वचा पातळ होते, सवय लागते, वर नवे मुरूमही येतात. २०१८ मध्येच केंद्र सरकारने चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केलेल्या औषधांत अशा चौदा स्टिरॉइड मलमांची भर घातली होती. नियम होता. माझ्या हातात ट्यूबही होती. मी ‘इलाज’ करत होते ना!

चेहरा शांत व्हायला कितीतरी महिने लागले. तोवर लेक स्वतःच शिकली. काळपट डागावर आधी नारिंगी झाक असलेला करेक्टर अगदी थोडा, मग त्वचेच्या रंगाचा कन्सीलर, बोटाने थोपटून, घासून नव्हे. खड्ड्यावर चमक असलेलं काही लावायचं नाही, खड्डा आणखी उठून दिसतो. रंग झाकता येतो, खोली झाकता येत नाही, हे तिला आरशानेच शिकवलं.

एकदा तिला तसं करताना पाहून मी म्हणाले, “अगं, ही माया झाली. दशलक्षणात तिसऱ्या दिवशी आर्जव धर्म ऐकतो आपण. आत एक, बाहेर एक नको.”

ती वळून म्हणाली, “आई, हे रात्री धुतलं जातं. तू लावलेलं धुतलं जात नव्हतं.”

मी गप्प बसले. मायाचार खरा कुठे होता ते मला तेव्हा दिसलं. पुस्तिकेसाठी स्टुडिओत फोटो काढला तेव्हा मी फोटोवाल्याला हळूच म्हटलं होतं, ‘गाल साफ करून टाका.’ त्याने दोन मिनिटांत केले. लेकीला विचारलंसुद्धा नाही. तिचा कन्सीलर तिच्या हातात होता, तिच्या इच्छेचा होता, आणि समोर बसलेल्या माणसाला खड्डे दिसतच होते. फोटोत मात्र मी दुसरीच मुलगी छापून दिली होती.

झाकणं निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. ‘कार्यक्रमाला असंच येऊ नकोस’ असं म्हणून कोणी मुलीच्या हातात कन्सीलर देत असेल तर तेही ओझंच. पण ‘औषध’ या शब्दाला आपण जो डोळे झाकून मान देतो, तो काढून घ्यावा. प्रसाधन निदान सांगतं की मी वरवरचं आहे. औषधाचं नाव घेऊन येणाऱ्या वस्तूला तीन प्रश्न विचारा. हे डाग फिका करणार की खड्डा भरणार? आत काय आहे? आणि लावणं थांबवलं तर काय होईल? ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही दिसलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लेकीच्या गालाला हात लावू नका.

पुढच्या वर्षी पुस्तिकेसाठी फोटो लेकीनेच निवडला. कन्सीलर लावलेला, पण फोटोवाल्याने हात न लावलेला. गालावर बाजूने उजेड पडला होता, खड्डे दिसत होते. मी काहीतरी बोलणार होते. मग पाकिटावर नाव-पत्ता लिहिला आणि तसाच पाठवला.