बोर्डावरचा सोंगाड्या आणि पडद्यावरचा द्व्यर्थ

दादा कोंडके (१९३२–१९९८) यांच्याविषयी मराठीत प्रामुख्याने दोन प्रकारे बोलले जाते. चाहते नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांचा आणि गिनेस बुकातील नोंदीचा दाखला देतात. अभिरुचीचे रक्षक ‘द्व्यर्थी’ हे एकच विशेषण वापरून विषय मिटवतात. पहिली भूमिका यशाला मूल्य समजते, दुसरी नैतिक निवाड्याला समीक्षा समजते. दोहोंतही एक मूलभूत प्रश्न अस्पर्श राहतो. तमाशाच्या बोर्डावर घडलेला सोंगाड्या कॅमेऱ्यासमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्या विनोदाच्या रूपाचे नेमके काय होते?

कोंडके यांची जडणघडण लक्षात घेतल्याशिवाय या प्रश्नाला भिडता येत नाही. मूळ गाव भोरजवळचे इंगवली, जन्म आणि बालपण मुंबईच्या नायगावातील गिरणी कामगारांच्या वस्तीत, उमेदवारी सेवा दलाच्या कलापथकात. गावाची बोली, कामगारवस्तीची टिंगल आणि कलापथकाची राजकीय जाण या तिन्हींचा संगम १९६५ साली रंगमंचावर आलेल्या वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगात झाला. प्रधानाच्या मेहुण्याला कोतवाली मिळते आणि बढतीची आस लावून बसलेला हवालदार डावलला जातो. मग मैनावती नव्या कोतवालाला भुलवून त्याच्याकडून राजाचा छपरी पलंग चोरवते. कथानक एवढेच, परंतु वगाची संहिता हा केवळ सांगाडा असतो. त्यात त्या रात्रीचे रक्तमांस भरण्याचे काम सोंगाड्याचे. वर्तमानपत्रातील ताजी बातमी, समोर बसलेला पुढारी, मागून आलेली शिट्टी या सर्वांना तो तत्क्षणी उत्तर देतो. बतावणीतील विनोद म्हणजे मुळात एक संवाद असतो आणि प्रेक्षक हा त्यातील अलिखित पात्र. ‘गाढवाचं लग्न’मध्ये सावळ्या कुंभार रंगवणाऱ्या दादू इंदुरीकरांची थोरवीही या हजरजबाबीपणातच होती.

चित्रपटात हे पात्रच नाहीसे होते. पडद्यावरचा नट शिट्टीला उत्तर देऊ शकत नाही. प्रत्येक खेळाला तो तेच बोलतो. इतकेच काय, गाण्यात त्याचा आवाजही त्याचा उरत नाही, तो महेंद्र कपूर यांचा होतो. भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’नंतर (१९६९) स्वतःच्या निर्मितीकडे वळलेल्या कोंडके यांनी ही अडचण ओळखली असावी, असे ‘सोंगाड्या’वरून (१९७१) वाटते. या चित्रपटाचा नायक नाम्या हा आधी तमाशाचा प्रेक्षक आहे आणि मग सोंगाड्या. बोर्ड आणि प्रेक्षागृह यांमधील गमावलेले नाते येथे कथानकाच्या आत आणले गेले आहे.

दुसरी युक्ती भाषेची होती. द्व्यर्थी वाक्यात पहिला अर्थ नट उच्चारतो. दुसरा कोणीच उच्चारत नाही, तो प्रेक्षागृहात हशाच्या रूपाने पूर्ण होतो. परिनिरीक्षण मंडळाला उच्चारलेल्या शब्दांवर कात्री चालवता येते, प्रेक्षकाच्या मनातील अर्थावर नाही. म्हणजेच द्व्यर्थ हा कोंडके यांच्या चित्रपटांत उत्स्फूर्ततेचा पर्याय म्हणून अवतरतो. छापील फितीवर गोठलेल्या विनोदात प्रेक्षकाचा वाटा शिल्लक ठेवण्याचे ते साधन आहे. नीतीच्या तराजूत तो तोलणाऱ्यांना त्याचे हे रचनात्मक कार्य दिसत नाही.

मात्र हे मान्य केल्यावरच खरी मीमांसा सुरू होते, कारण या पर्यायाची किंमतही मोजावी लागली. तमाशातील चावटपणा एकतर्फी नसतो. गौळणीत पेंद्या वाट अडवतो, पण मावशी आणि गौळणी त्याला निरुत्तर करतात. ‘विच्छा’मध्ये हवालदाराचा डाव तडीस नेणारी मैनावतीच आहे आणि हशाचा रोख सत्तेकडे आहे. दहा वर्षांनी ‘पांडू हवालदार’मध्ये (१९७५) तोच गणवेश पुन्हा येतो. बेरकीपणा, भाबडेपणा आणि व्यवस्थेची खिल्ली अजून तेथे एकत्र नांदतात. पुढे, ‘ह्योच नवरा पाहिजे’ (१९८०), ‘आली अंगावर’ (१९८२) या काळात, द्व्यर्थ शीर्षकापर्यंत पोचतो. पण त्याचा रोख राजा-प्रधानाकडून सरकत नायिकेच्या देहाशी स्थिरावतो. तिच्या वाट्याला प्रत्युत्तर क्वचितच येते. ती विनोदाची भागीदार न राहता निमित्त होते. या चित्रपटांवरील खरा आक्षेप अश्लीलतेचा नसून एकतर्फीपणाचा असायला हवा. सोंगाड्याने प्रेक्षकाला सामील करून घेतले, परंतु समोरच्या पात्राचा उत्तराचा हक्क काढून घेतला.

असा प्रवास केवळ मराठीत घडलेला नाही. मेक्सिकोचा कांतिनफ्लास (१९११–१९९३) हा ‘कार्पा’ म्हणजे तंबूतील लोकरंगभूमीवरून चित्रपटात आला. अखंड बोलत राहून काहीच न सांगणारी त्याची भाषा एवढी रुजली की त्या नावावरून झालेले क्रियापद स्पॅनिश शब्दकोशात दाखल झाले. वकील-न्यायाधीशांची भाषा उलटी करणारा त्याचा फाटका नायक उत्तरकाळात उपदेशक झाला, अशी टीका त्याच्यावर झाली. कोंडके उपदेशक झाले नाहीत. पण दोघांच्याही बाबतीत भाषेचे हत्यार शाबूत राहिले आणि लक्ष्य बदलले.

सेवा दलाच्याच कलापथकातून आलेल्या निळू फुले यांनी वेगळा मार्ग धरला. ‘एक गाव बारा भानगडी’पासून (१९६८) ‘सामना’पर्यंत त्यांनी सोंगाड्या ज्याची टवाळी करतो तो सत्ताधारीच साकारला. ‘सखाराम बाइंडर’मुळे (१९७२) समीक्षेने त्यांना आपले मानले. कोंडके यांना हे भाग्य लाभले नाही, कारण त्यांचा प्रेक्षक समीक्षेच्या परिघाबाहेरचा होता. इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावांच्या मुलखात जत्रेतील तमाशाची कनात आणि फिरत्या टॉकीजचा तंबू हे शेजारी होते. एकाच हशाने दोन्ही दणाणत. त्या हशात बंड किती, विरंगुळा किती आणि स्त्रीची नाचक्की किती, हे वेगवेगळे करून पाहणे हे मराठी समीक्षेचे काम आहे. रौप्यमहोत्सवांची गणती किंवा नाक मुरडणे, यांपैकी काहीही त्याची जागा घेऊ शकत नाही.