नाव बघावं की ओटा?

जर्मनीत भाड्याचं घर घेतलं की स्वयंपाकघराच्या जागी बऱ्याचदा चार उघड्या भिंती आणि पाण्याचं एक कनेक्शन मिळतं. आधीचा भाडेकरू आपलं किचन उचकटून घेऊन जातो, नाहीतर आपल्याला विकतो. आम्ही दहा वर्षं अशाच विकत घेतलेल्या, दुसऱ्याच्या मापाच्या ओट्यांवर पोळ्या लाटल्या. यंदा फ्रँकफुर्टजवळ स्वतःचं घर झालं आणि प्रश्न आला, किचन कोणत्या कंपनीचं घ्यायचं?

मित्रमंडळींत याची उत्तरं तयार असतात. नोबिलिया म्हणजे परवडणारं, नोल्टे आणि श्युलर मधले, बुल्टहाउप म्हणजे विचारूच नका. तीन महिने शोरूम पालथ्या घातल्यावर माझं मत असं झालं की ही उतरंड खोटी नाही, पण आपल्या कामाचीही फारशी नाही.

नोबिलिया, नोल्टे आणि हेकर हे तिघेही उत्तर-पश्चिमेकडच्या ओस्टवेस्टफालेन या एकाच टापूतले. श्युलर आणि बुल्टहाउप बव्हेरियातले. पण कपाट उघडून बघा. बिजागऱ्या आणि ड्रॉवरच्या पट्ट्या पुष्कळदा ब्लुम, ग्रास किंवा हेटिश यांच्याच. ज्या भागाला आपण दिवसातून पन्नास वेळा हात लावतो, तो महाग आणि स्वस्त किचनमध्ये सारखाही असू शकतो. जास्तीचे पैसे जातात ते दर्शनी फळीला, कडांच्या सफाईला आणि हव्या त्या मापात कपाट करून देण्याला. जुन्या नावावर विसंबावं, तर आल्नो 2017 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि 1892 पासूनच्या पोगेनपोलवरही 2020 मध्ये तीच वेळ आली.

खरा फरक मला आकड्यांत सापडला, आणि तो कोणी आपणहून सांगत नाही. नोबिलियाचं खालचं कपाट 72 किंवा 86.4 सेंटिमीटर उंच मिळतं, नोल्टेचं नेहमीचं 75. त्यात पायाची पट्टी आणि वरची फळी मिळवली की ओट्याची उंची झाली. विक्रेता उंच कपाटाची भलामण करतो, कारण सामान जास्त मावतं. इथला साधा नियम मात्र असा आहे की ओटा वाकवलेल्या कोपरापेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर खाली हवा. माझ्या आईची उंची पाच फुटांच्या आत. गेल्या वेळी ती तीन महिने राहून गेली, तेव्हा आमच्या 92 सेंटिमीटरच्या ओट्यावर तिला पोळी लाटताच आली नाही. पोळपाट घेऊन ती जेवणाच्या टेबलाशी बसायची, आणि तव्यासाठी दर पोळीमागे उठायची. तिने तक्रार केली नाही. मलाही ते दहाव्या-बाराव्या दिवशी लक्षात आलं.

त्यानंतर मी रोमरश्टाट वसाहतीतलं एर्न्स्ट-माय-हाउस पाहायला गेले. तिथे मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्कीने 1926 मध्ये आखलेलं ‘फ्रँकफुर्ट किचन’ जपून ठेवलं आहे. आजच्या सगळ्या फिटेड किचनांची ही पणजी. साधारण 1.9 गुणिले 3.4 मीटरची खोली, खिडकीपाशी बसून काम करायचं टेबल, फिरतं स्टूल, तांदूळ-साखर-रवा ओतता येईल असे चोच असलेले ॲल्युमिनियमचे खण. बाई किती पावलं चालते, हे घड्याळ लावून मोजलेलं. आपण तोवर कधी घर चालवलं नव्हतं, असं लिहोत्स्कीने पुढे मोकळेपणाने सांगितलं. तरीही तिने ‘इथे काम कोण करणार?’ हा प्रश्न आधी विचारला. बसून काम करायची सोय बघून मला आई आठवली. दोष आहे तो दुसरा. दोन बायका तिथे एकत्र मावत नाहीत. स्वयंपाक म्हणजे एकटीने दाराआड उरकायचं काम, हे त्या खोलीने गृहीतच धरलं आहे.

त्याला उत्तर दिलं ओट्ल आयशरने, म्युनिक ऑलिंपिकची चित्रचिन्हं करणाऱ्या डिझायनरने. बुल्टहाउपसाठी अभ्यास करून 1982 मध्ये त्याने पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘स्वयंपाक करण्यासाठीचं स्वयंपाकघर’. ओटा भिंतीपासून सोडवा, मधोमध आणा, चार माणसांनी मिळून रांधावं, असा त्याचा आग्रह. आजच्या शोरूमनी त्यातला मधला ओटा घेतला आणि रांधणं सोडून दिलं. ओट्यावर पातेलं ठेवायला संकोच वाटावा इतकी चकाकी. शेगडीतच बसवलेला, वाफ खाली ओढणारा पंखा दिसायला देखणा, पण उंच कुकरची शिट्टी त्याच्या कह्यात येत नाही. वरचं धुराडं असलं, तरी हवा बाहेर जाते की कोळशाच्या फिल्टरमधून पुन्हा घरातच येते, हे विचारायलाच हवं. हिंगाची फोडणी फिल्टरला दाद देत नाही.

शिवाय भावाचा घोळ. एका शोरूममध्ये आम्हाला ‘पन्नास टक्के सूट’ देऊन एकच गठ्ठ्याचा आकडा सांगितला. कपाटांचे, ओव्हनचे, बसवण्याचे भाव वेगळे मागितले तर विक्रेता नुसता हसला. सुटे भाव नसतील तर दोन कंपन्यांची तुलना करणार कशी? आणि दुकानात बसून सही केली, तर इंटरनेट खरेदीसारखी चौदा दिवसांत माघार घेण्याची कायदेशीर सोय नसते. सही घरी येऊन, झोप काढून, मग करावी.

आम्ही शेवटी मधल्या किमतीचं किचन घेतलं. वाचलेले पैसे दोन गोष्टींत घातले. एक, भिंतीला भोक पाडून बाहेर हवा टाकणारं धुराडं. दुसरी, खिडकीपाशी नेहमीच्या ओट्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली उतरवलेला एक तुकडा, शेगडी हाताच्या अंतरावर. विक्रेत्याच्या मते त्याने ‘रेषा तुटते’. तुटते खरी.

फोनवर आईला कंपनीचं नाव सांगितलं, तर म्हणाली, “असेल बाई काहीतरी. पोळपाट कुठे ठेवायचा ते सांग.”