‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील वकील

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक डिसेंबर १९६७ मध्ये ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. तेव्हापासून समीक्षेचे लक्ष मुख्यत्वे लीला बेणारे आणि तिला घेरणारी मध्यमवर्गीय मानसिकता यांवर राहिले. ते योग्यच, परंतु त्यामुळे सुखात्मे हा वकील इतर पात्रांच्या गर्दीत हरवला. वस्तुतः त्या मंडळींत कायदा जाणणारा तोच एकटा आहे.

अशिलांअभावी बार-रूममध्ये बसून राहणारा हा वकील अभिरूप न्यायालयात फिर्यादीचा आणि आरोपीचा असे दोन्ही वकील होतो. केवळ सोयीखातर झालेली ही व्यवस्था नाटकातील सर्वांत भेदक गोष्ट होय. फिर्यादीच्या बाजूने त्याची वाणी फुलते. बचावाला उभा राहताच तो आरोप खोडण्याऐवजी मान्य करतो आणि दयेची याचना करून मोकळा होतो. संविधानाच्या अनुच्छेद २० (३) नुसार आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. अशिष्ट व अपमानकारक प्रश्न रोखण्याची तरतूद १८७२ च्या पुरावा अधिनियमात होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. सुखात्मे हे सारे जाणूनच बेणारेला पिंजऱ्यात उभी करून प्रश्न विचारतो. ‘हा खेळच तर आहे’ ही सबब त्याला पुरते.

जामनेरसारख्या तालुक्याच्या गावी हे नाटक वाचताना सामंतकडे अधिक लक्ष जावे. त्या खेड्यातल्या भाबड्या माणसाला कोर्टाचे कामकाज समजावे, म्हणूनच हा लुटुपुटीचा खटला मांडला जातो. त्याची साक्ष हातातल्या कादंबरीतून उतरते आणि सुखात्मे तिचाच पुरावा करतो. ‘साक्षीदार पढवणे’ म्हणजे काय, हे तालुका न्यायालयाच्या आवारात कोणाला सांगावे लागत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटातील सराईत साक्षीदार सामंतचाच वारस म्हणावा लागेल. मात्र तेथील सरकारी वकील नूतनच्या ठायी सुखात्मेचा उन्माद नाही; ती केवळ काम उरकते. शिवाय तिच्यासमोर विनय व्होरा हा बचावाचा वकील खरोखर उभा असतो.

प्रामाणिक वकील तेंडुलकरांनी रंगमंचावर येऊच दिला नाही, हा आक्षेप घेता येतो. पण तसा वकील आला असता, तर खटला पहिल्या अंकातच कोसळला असता. येथे बालहत्येच्या आरोपाने सुरू झालेल्या खटल्याचा शेवट काशीकरांनी गर्भ नष्ट करण्याचा हुकूम देण्यात होतो, आणि आरोपीचा वकील हरकत घेत नाही.