बचतगट, सातबारा आणि वेलदूर : महिला विकास कार्यक्रमांतील ‘नेतृत्व’ संकल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

महिला विकासाच्या कार्यक्रमांत नेतृत्व, आरोग्य आणि आर्थिक सक्षमता ही तीन उद्दिष्टे बहुधा एकत्रच मांडली जातात. १९७५ या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात महिला आर्थिक विकास महामंडळाची (माविम) स्थापना झाली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आपले पहिले महिला धोरण जाहीर केले. त्यानंतर १९९९ ची स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना, २००७ ते २०१८ या काळातील ‘तेजस्विनी’ कार्यक्रम आणि २०११ पासूनचे ‘उमेद’ अभियान या साऱ्या वाटचालीत बचतगट हा केंद्रबिंदू राहिला. प्रस्तुत लेखात या कार्यक्रमांमागील नेतृत्वाच्या कल्पनेची चिकित्सा गुहागर तालुक्याच्या संदर्भात करण्याचा प्रयत्न केला आहे. हे कार्यक्रम स्त्रीला कर्जदार, माता आणि लाभार्थी म्हणून ओळखतात. जमीन, नौका, खाडी यांसारख्या साधनांवर हक्क सांगणारी व्यक्ती म्हणून ओळखत नाहीत, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

गुहागरची पार्श्वभूमी

उत्तरेस वाशिष्ठीची दाभोळ खाडी आणि दक्षिणेस जयगडची खाडी यांच्यामध्ये गुहागर तालुका वसला आहे. नारळ-सुपारीच्या वाड्या, आंबा-काजूच्या बागा, पावसाळी भातशेती आणि मासेमारी ही येथील उपजीविकेची साधने होत. त्यांना अनेक पिढ्यांपासून जोड मिळाली ती मुंबईच्या चाकरमान्याने पाठविलेल्या मनीऑर्डरची. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. राज्यातील हे सर्वाधिक प्रमाण स्त्रियांच्या उन्नत दर्जाचे द्योतक नसून मुख्यतः पुरुषांच्या स्थलांतराचा तो परिणाम आहे. पुरुष मुंबईस असताना भाताची लावणी, गुरे, वृद्धांची शुश्रूषा, मुलांचे शिक्षण आणि गावकीतील देणेघेणे हे सर्व स्त्रीच सांभाळत आली. अशा प्रदेशात नेतृत्व ‘विकसित’ करण्याची भाषा वापरणे मुळातच अपुरे ठरते. जबाबदारी स्त्रीकडे पूर्वीपासून होती. नव्हता तो अधिकार.

बचतगट : जमेची बाजू आणि मर्यादा

बचतगटाचे योगदान नाकारण्याचे कारण नाही. खासगी सावकाराला पर्याय मिळाला, बँकेचा उंबरठा ओलांडला गेला, घराबाहेर एकत्र बसण्यास समाजमान्य निमित्त लाभले. माविमची लोकसंचालित साधन केंद्रे किंवा ‘उमेद’चे ग्रामसंघ आणि प्रभागसंघ यांतून हिशेब ठेवणाऱ्या, सभा चालविणाऱ्या स्त्रिया पुढे आल्या, ही लहान बाब नव्हे.

तथापि या यशाचे मोजमाप प्रामुख्याने गटांची संख्या, बँकजोडणी आणि परतफेडीचे प्रमाण यांवरून होते. कर्ज कोणाच्या नावावर आहे हे त्यातून कळते. त्याचा विनियोग कोणी ठरविला हे कळत नाही. बांगलादेशातील ग्रामीण कर्जव्यवहारांचा अभ्यास करून अ‍ॅन मारी गोएत्झ आणि रीना सेन गुप्ता यांनी १९९६ मध्येच हा भेद दाखवून दिला होता. स्त्रियांच्या नावे घेतलेल्या कर्जांपैकी मोठ्या हिश्श्यावर प्रत्यक्षात पुरुषांचे नियंत्रण असल्याचे त्यांना आढळले. नायला कबीर यांनी १९९९ मध्ये सक्षमीकरणाची साधने, कर्तेपण आणि फलित अशी तीन अंगे मांडली. त्या कसोटीवर आपले कार्यक्रम साधनांपैकी केवळ कर्ज देतात आणि फलिताची आकडेवारी गोळा करतात; मधले कर्तेपण गृहीत धरले जाते.

कोकणात ही उणीव सातबाऱ्यावर स्पष्ट दिसते. येथील अनेक खाती सामायिक आहेत. सहहिस्सेदार मुंबई-पुण्यास विखुरलेले असतात आणि त्यांच्या संमतीवाचून पीककर्ज किंवा बागेची भरपाई मिळणे दुष्कर होते. बाग राखणाऱ्या स्त्रीचे नाव त्या उताऱ्यावर असतेच असे नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने उत्तर रत्नागिरीतील नारळ-सुपारीच्या बागांचे अतोनात नुकसान केले. अशा वेळी पंचनाम्याची भरपाई खातेदाराच्या नावे होते, कष्टकऱ्याच्या नावे नव्हे. मासेमारीतही तोच न्याय : डिझेलवरील कराचा परतावा नौकामालकास मिळतो, मासळी विकणारी स्त्री त्या हिशेबात नसते. आपत्तीत तगून राहण्याची क्षमता ही नोंदीच्या मालकीशी अशी बांधलेली आहे.

हा विचार महाराष्ट्राला अपरिचित नव्हता. १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमातून पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन केले. १९९४ मध्ये राज्याने आणि २००५ मध्ये केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला समान हक्क दिला. मात्र बचतगटाच्या प्रशिक्षणात हिशेबाची वही जितकी शिकविली जाते, तितका फेरफार आणि वारसनोंद हा विषय शिकविला जात नाही.

वेलदूरचा प्रश्न

गुहागरच्या अलीकडील इतिहासात स्त्रीनेतृत्वाचे सर्वांत ठळक उदाहरण कोणत्याही कार्यक्रमातून आलेले नाही. एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पासाठी अंजनवेल परिसरातील भूमी घेण्यात आली. प्रकल्पामुळे खाडीतील मासळीवर आणि पाण्यावर परिणाम होईल या भीतीने वेलदूर येथील मच्छीमार समाज विरोधात उतरला आणि त्यात स्त्रिया अग्रभागी राहिल्या. ३ जून १९९७ रोजी पहाटे पोलिसांनी वेलदूरमधील घरांत शिरून स्त्रियांना अटक केली. त्याच वर्षी जुलैमध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने आणि १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने आपल्या अहवालांत या घटनेची नोंद घेतली. पुढे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षअखेर एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीची स्थापना होऊन तो प्रकल्प पुन्हा उभा राहिला.

प्रकल्प इष्ट की अनिष्ट हा येथे विवाद्य मुद्दा नाही. महत्त्वाचे हे की उपजीविकेच्या साधनावर आपला हक्क आहे असे मानून या स्त्रिया सार्वजनिक निर्णयात उतरल्या. ज्या शासनाने १९९४ मध्ये महिला धोरण जाहीर केले, त्याच शासनाच्या यंत्रणेने तीन वर्षांनी या कृतीकडे कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून पाहिले. सहभाग म्हणजे होकार, असा विकासाच्या परिभाषेचा संकेत आहे. नकार देणाऱ्या स्त्रीसाठी तिच्या अहवालात रकाना नाही.

आरोग्याचे संकुचित आकलन

आरोग्याच्या क्षेत्रातही हेच घडते. २००५ मधील जननी सुरक्षा योजनेचा भर संस्थात्मक प्रसूतीवर होता आणि त्याची आवश्यकता निर्विवाद आहे. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८.० टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के झाले. गटांचे जाळे विस्तारत असतानाच हे घडले. माता म्हणून स्त्रीची काळजी घेणारी यंत्रणा श्रमिक म्हणून तिच्या शरीराकडे पाहत नाही. लावणीतील वाकलेली कंबर, डोक्यावरील मासळीची पाटी, बाजारात स्वच्छतागृहाचा अभाव हे विषय तिच्या कक्षेत क्वचितच येतात. आरोग्याचा डोलारा जिच्यावर उभा आहे ती आशा सेविकादेखील वेतनधारी कर्मचारी नसून ‘स्वयंसेविका’ मानली जाते, हे पुरेसे बोलके आहे.

निष्कर्ष

पंचायत राज संस्थांत १९९३ पासून एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेतून थेट रक्कमही मिळू लागली. पद आणि पैसा ही दोन्ही आवश्यक आहेत. साधनावरील हक्काची जागा मात्र ती घेऊ शकत नाहीत. म्हणून कोणत्याही महिला विकास कार्यक्रमाचे मूल्यमापन तीन प्रश्नांनी व्हावे : साधन कोणाच्या नावे आहे? स्त्रियांच्या नकाराला निर्णयप्रक्रियेत स्थान आहे काय? आणि तिच्या श्रमाची झीज आरोग्यसेवेच्या हिशेबात धरली जाते काय?

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. कोकणातील महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील एकेका गावाचे सातबारा उतारे, मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदयाद्या आणि बचतगटांच्या कर्जनोंदी शेजारी ठेवून वाचल्या, तरी स्त्रीच्या नावे कर्ज किती आणि साधन किती, हे उघड होईल. अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि भूगोल या विभागांनी एकत्रितपणे करावा असा हा अभ्यास आहे.