परक्या दारी काम मागताना

परदेशाविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यातील बराचसा भाग पाहुण्याने लिहिलेला आहे. पाहुण्याजवळ परतीचे तिकीट असते. तो तेथील रस्ते, बागा, संग्रहालये पाहतो आणि घरी येऊन आपणांस सांगतो. ज्याला त्या देशी पोटापाण्याचा उद्योग शोधावयाचा आहे, त्याची दृष्टी निराळी असते. आपल्याला काम कोण देईल आणि त्याबदली काय मागेल, ही त्याची पहिली चिंता. बारामती-इंदापूर भागातील आपल्या घरांतूनही मुलेमुली परदेशी नोकरीसाठी अर्ज करू लागली आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी या चिंतेच्या दृष्टीने दोन परिचित ग्रंथ पुन्हा वाचावेत, असे सुचवावेसे वाटते.

पहिला ग्रंथ म्हणजे श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) ही कादंबरी. वाचकांच्या स्मरणात राहतो तो गोपाळरावांचा हट्ट आणि आनंदीबाईंची सोसणूक. तथापि या चरित्राच्या मुळाशी एक नोकरीचा अर्ज आहे. टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांनी १८७८-७९ च्या सुमारास अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार केला. पत्नीला अमेरिकेत शिकवावयाचे आहे, तेव्हा मला तेथे काही काम मिळेल काय, अशी त्यांची पृच्छा होती. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरास मिशनकार्य करीत होते. या सुमारास ते अमेरिकेत एका मिशन नियतकालिकाचे संपादक होते. त्यांच्या उत्तराचा रोख असा, की पतिपत्नींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास साहाय्य होऊ शकेल. ही अट जोशी दांपत्याने मानली नाही.

हा पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या नियतकालिकात छापला. १८८० मध्ये तो न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्याही ख्रिस्तीच. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि पुढे आपल्या घरात लेकीसारखे ठेवून घेतले. धर्मांतराची अट घातली नाही. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई फिलाडेल्फियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, त्या हिंदू राहूनच. एकच पत्र, वाचणारे दोघेही ख्रिस्ती, आणि उत्तरे मात्र दोन! माझ्या मते या कथेतील आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच आहे. कादंबरीचा सारा प्रकाश नवरा-बायकोच्या नात्यावर असल्याने तो पुढील घटनांची केवळ एक पायरी होऊन जातो. कलाकृती म्हणून कादंबरीची पकड त्यामुळे सैल होत नाही. पण काम मागणाऱ्याची अगतिकता तिच्या हातून निसटते.

यावर कोणी म्हणेल, की गोपाळरावांनी धर्म स्वीकारला असता तर प्रश्नच मिटला असता. त्याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या जीवनात सापडते. रमाबाईंचे केडगाव आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यातच आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या व त्याच वर्षी त्यांनी वाँटेज येथे स्नानसंस्कार घेतला. वैद्यकी शिकण्याचा बेत श्रवणदोषामुळे सोडावा लागला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या स्वतः शिकत असतानाच संस्कृतही शिकवू लागल्या. मात्र त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, हा प्रश्न निघताच मुंबईच्या व लाहोरच्या अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. धर्म एक झाला होता, विद्वत्तेविषयी शंका नव्हती. तरी कामावर नवी मर्यादा आली. रमाबाईंनी तिला लेखी विरोध केला. ती पत्रे १९७७ साली प्रसिद्ध झाली आहेत.

रमाबाईंचा ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ (१८८९) हा आपला दुसरा ग्रंथ. अमेरिकेची राज्यपद्धती, शिक्षण, व्यापार, स्त्रियांची स्थिती यांची त्यात साक्षेपी मांडणी आहे आणि त्या समाजातील वर्णद्वेषही त्यांनी झाकलेला नाही. मात्र देशबांधवांना शहाणे करण्याच्या तळमळीत लेखिका स्वतः मागे सरते. परक्या भूमीवर मान राखून उभे राहण्यासाठी त्यांना जे झगडावे लागले, ते येथे फारसे येत नाही. त्यासाठी पत्रेच वाचावी लागतात. म्हणून ग्रंथ आणि पत्रे शेजारी ठेवून वाचणे इष्ट.

या दोन्ही कथांना मोजण्याचे माप आपल्या पवित्र शास्त्रात आहे. रूथ ही मवाबी, म्हणजे परदेशी. अनुवादाच्या ग्रंथात मवाब्यांना प्रभूच्या मंडळीत मज्जाव सांगितला आहे. अशी ही विधवा बेथलेहेमच्या शेतात सरवा वेचू लागते. ज्वारीच्या काढणीनंतर रानात राहिलेली कणसे वेचण्याला आपल्याकडेही सरवाच म्हणतात. त्यातील कष्ट वेगळे सांगावयास नकोत. बवाज तिची चौकशी करतो, पण अट घालत नाही. दुसऱ्या शेतात जाऊ नकोस, तहान लागली तर आमच्या घागरींतले पाणी पी, असे तो म्हणतो. तिला कोणी त्रास देऊ नये अशी गड्यांना ताकीद देतो आणि पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे टाकावयास सांगतो. देवाच्या पंखांखाली आश्रयाला आल्याचा उल्लेख तो करतो, तो आशीर्वाद म्हणून. लेखकाने येथे एकही उपदेश केलेला नाही. पाणी, भाकर आणि सुरक्षितता या तीन गोष्टींतून त्याने बवाजाचा धर्म दाखविला आहे.

हे माप आपल्यालाही लागू पडते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या गळिताला बीड-अहिल्यानगरकडील ऊसतोड कुटुंबे उचल घेऊन येतात आणि खोप्यांत राहतात. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत दूरच्या राज्यांतील तरुण काम शोधतात. त्यांच्या दृष्टीने परका देश म्हणजे आपलेच गाव. आपली मुले परदेशी अर्ज धाडतात तेव्हा त्यांना कार्पेंटरबाई भेटाव्यात, अशी प्रार्थना आपण करतो. परंतु आपल्या दारी काम मागावयास आलेल्याला आपण आधी जात, भाषा, उपासना विचारीत असू, तर आपले उत्तर वाइल्डरांचेच ठरते. वरील ग्रंथ घरात एकत्र बसून वाचताना वडीलधाऱ्यांनी मुलांपुढे हा प्रश्न अवश्य ठेवावा.